आधी कुठं ते सांग

शमीमआपांच्या स्कूटरवर मागं बसायचं तर एक अट पाळावी लागते. तुम्ही बसलात, पर्स मांडीवर घेतली, पाय नीट टेकवले, तरी गाडी हलत नाही. आपा आरशातून तुमच्याकडं बघतात आणि विचारतात, "कुठं?"

यात गंमत अशी की आम्ही दोघी एकाच ऑफिसात आहोत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतो, आणि रोज सकाळी त्या काळेवाडीहून खास वळसा घालून मला डांगे चौकात घ्यायला येतात. मी ऑफिसलाच जाणार हे रस्त्याकडेच्या केळीवाल्यालासुद्धा पाठ झालंय. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई विनोद करतायत. मी हसून म्हटलं, "आपा, ऑफिसला. दुसरीकडं कुठं जाणार?"

"ते मला काय माहीत? एखाद्या दिवशी तुला दवाखान्यात जायचं असेल, बँकेत जायचं असेल. मी आपली न विचारता नेऊन सोडायची ऑफिसात."

पुढं एकदा मला खरंच कणकण होती. आरशातून "कुठं?" आलं आणि माझ्या तोंडून आपोआप "घरी" निघालं. आपांनी लगेच गाडी वळवली, मला दारात सोडलं, आणि ऑफिसात जाऊन सांगितलं की वर्षा आज येणार नाही. त्या दिवसापासून मी त्या प्रश्नाला हसायचं सोडून दिलं.

पूर्ण नाव शमीम अत्तार. जन्म काळेवाडीतला, पन्नाशी ओलांडलेली. सुती सलवार-कमीज, पिनांनी बंदोबस्त केलेली ओढणी आणि पायात पळायचे बूट. त्या बुटांत त्यांना कधी पळताना मी पाहिलेलं नाही. ऑफिसात त्यांना सगळे आपा म्हणतात. मालकही आपाच म्हणतात, फक्त थोडं घाबरून.

आमची कंपनी छोटी आहे. चिंचवडला एका इमारतीत वरच्या मजल्यावर आम्ही, खाली टायरचं दुकान. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जे पार्ट बनतात, ते मशीनवर तपासले जातात. त्यांची मापं, फोटो, शेरे असा ढीग रोज साठत जातो. आमचं सॉफ्टवेअर तो ढीग दाबून एका फाइलमध्ये घट्ट बांधून ठेवतं. त्या फाइलला आर्काइव्ह म्हणतात. आम्ही ऑफिसात गाठोडं म्हणतो. आणि गाठोडं बांधायचा जो मूळ कोड आमचे सगळे प्रोग्राम वापरतात, तो म्हणजे लायब्ररी. मी एकदा फोनवर आईला सांगितलं की मी लायब्ररीवर काम करते, तर तिनं जालन्यात सगळ्या गल्लीला सांगून टाकलं की इंजिनीअर होऊनसुद्धा पोरगी पुस्तकं देते-घेते. अजून तिकडच्या मावश्या मला वाचायला काहीतरी घेऊन ये म्हणतात.

या लायब्ररीत काय भरायचं, कसं दाबायचं, कुलूप कसं लावायचं, ही कामं आम्हा बाकीच्यांकडं. आपांकडं एकच तुकडा. गाठोडं जिथं लिहायचं, ती जागा उघडायची. बस. बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं? फाइलचं नाव द्यायचं, उघडायची, लिहायचं. हे आपांच्या समोर बोललेली माणसं मी बघितलेली आहेत, आणि त्या माणसांनी नंतर बराच वेळ आपांना ऐकलेलं आहे.

"भरायचं काय ते नंतर सांग," त्या म्हणतात. "ओतायचं कुठं ते आधी सांग."

जागांबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. आपल्या मशीनची डिस्क म्हणजे स्वतःचं घर. तिथं चूक झाली तरी सावरता येते. एका प्रोग्राममधून थेट दुसऱ्या प्रोग्राममध्ये लिहिणं म्हणजे नळ. सोडलेलं पाणी परत घेता येत नाही. मेमरी म्हणजे ओंजळ. मावेल तेवढंच घ्या. आणि नेटवर्कवरचा दुसऱ्याचा फोल्डर म्हणजे पाहुण्याचं घर. "दार उघडं दिसलं म्हणजे जेवायला बोलावलंय असं नसतं." प्रत्येक जागेसाठी त्यांनी वेगळी उघडणी, म्हणजे ती जागा उघडायचा कोड, लिहिली आहे, आणि प्रत्येकीच्या वर मराठीत शेरे. त्यातला एक असा: 'गाठोडं स्वतःलाच गाठोड्यात बांधत नाही ना, ते बघा.'

मला आधी तो शेरा म्हणजे थट्टा वाटली होती. मग एका गिऱ्हाइकानं, आमची जुनी आवृत्ती वापरताना, ज्या फोल्डरचं गाठोडं बांधायचं त्याच फोल्डरात ते ठेवायला सांगितलं. प्रोग्राम बिचारा एकेक फाइल बांधत गेला, आणि बांधता बांधता त्याला तिथं एक नवीन फाइल दिसली, म्हणून तीही बांधायला घेतली. ती फाइल म्हणजे तो स्वतः लिहीत असलेलं गाठोडंच. जितकं बांधावं तितकं ते वाढत होतं. डिस्क तुडुंब भरून मशीन बंद पडलं तेव्हा कुठं ते थांबलं. आपा हे ऐकून इतक्या हसल्या, की डोळे पुसायला त्यांना पिना काढून ओढणी सोडवावी लागली.

ही उघडणी त्यांच्या अंगात मुरली आहे. चहा ओततानासुद्धा आधी कपात डोकावतात. पाहुण्याला बसा म्हणायच्या आधी खुर्चीवर काही ठेवलेलं नाही ना, ते हात फिरवून बघतात; आमच्या मालकांना त्यांनी असं दोनतीनदा ताटकळत उभं ठेवलंय. आणि जितकी काळजी उघडण्याची, तितकीच बंद करण्याची. गाठोडं लिहून झालं तरी त्या खूश होत नाहीत. "बंद करताना खरं कळतं," म्हणतात. डिस्क भरली, वायर निघाली, याची कबुली मशीन कधीकधी अगदी शेवटी, फाइल बंद करतानाच देतं. म्हणून फोनवरचं त्यांचं बोलणं असं संपतं: "ठेवू का? ठेवते हं. ठेवला." हा शेवटचा 'ठेवला' समोरच्याला ऐकू जात नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, तो माझ्यासाठी असतो.

मध्यंतरी अनिकेत म्हणून एक तरुण इंजिनीअर आमच्याकडं आला. हुशार, घाईचा. आपांचा कोड त्याला अडथळ्याच्या शर्यतीसारखा वाटे. त्या जागेवर आधीच त्याच नावाची फाइल असेल तर आपांची उघडणी थांबते आणि विचारते, 'इथं आधीच काहीतरी आहे. काय करू?' गिऱ्हाइकं या प्रश्नाला कंटाळतात, असं अनिकेतचं म्हणणं.

"आपा, उघडून तर टाकू या ना," तो म्हणाला. "लिहायच्या वेळी बघू काय ते."

"उघडल्यावर बघायला काय राहतं?"

"म्हणजे? नुसतं उघडलंय. अजून लिहिलं कुठंय?"

आपा उठल्या. समोरच्या पांढऱ्या फळ्यावर अनिकेतनं सकाळपासून खपून एक मोठी आकृती काढली होती, बाण, चौकोन, चार रंग. आपांनी डस्टर उचललं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा फळा पुसून काढला. अनिकेतचा चेहरा फळ्याच्याच रंगाचा झाला. आपांनी पेनाचं टोपण उघडलं, पेन फळ्यापासून वीतभर लांब धरलं आणि म्हणाल्या, "मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही हं. फक्त लिहायला फळा उघडलाय. जुनी फाइल लिहायला उघडली की अशीच पुसली जाते."

मग त्यांनी मोबाइल काढून त्याच्यापुढं धरला. पुसायच्या आधी, तो पाणी प्यायला गेला असताना, त्यांनी आकृतीचा फोटो काढून ठेवला होता. अनिकेतनं तो निमूट आपल्याकडं पाठवून घेतला. तो प्रश्न आमच्या लायब्ररीत अजून आहे.

एवढ्यावर आपांची ओळख संपली असती, तर त्या ऑफिसातलं एक मजेदार पात्र म्हणूनच राहिल्या असत्या. पण मग चाकणचं काम निघालं.

तिथला एक कारखाना, ब्रेकचे पार्ट बनवणारा, आपलं सगळं उत्पादन दुसऱ्या राज्यात हलवत होता. जुन्या तपासण्यांची सगळी माहिती गाठोड्यात बांधून त्यांच्या मुख्य ऑफिसला द्यायची होती. ब्रेकचा मामला, उद्या एखादी गाडी थांबली नाही तर तिचा पार्ट तपासला होता का, हे विचारणारे येणारच. दुपारनंतर मशीन न्यायला ट्रेलर येणार आणि त्यानंतर त्या भागाची वीज तोडणार, असा निरोप होता. आपा आणि मी कंपनीच्या गाडीनं सकाळीच पोचलो.

तिथले कॉम्प्युटर सांभाळणारे गायकवाड आमची वाटच बघत होते. चांगला माणूस, पण त्याच आठवड्यात त्यांचीही नोकरी संपणार होती, त्यामुळं बोलताना मधेच हरवायचे. त्यांनी नवी कोरी हार्डडिस्क आणून ठेवली होती. आपांनी ती जोडली, प्रोग्राम सुरू केला. उघडणीनं जागा मोजली आणि सरळ सांगितलं, जागा अपुरी आहे, सुरू करत नाही.

"मॅडम, सुरू तर करू द्या," गायकवाड म्हणाले. "मावेल तेवढं तरी जाईल."

"अर्धं बांधलेलं गाठोडं म्हणजे गाठोडं नसतं, गायकवाड. सुटलेलं धोतर असतं ते."

दुसरी डिस्क आणायची तर चाकण चौकापर्यंत जायला हवं होतं, आणि त्या चौकात एकदा शिरलेला माणूस ट्रेलरच्या आधी परत येईल याची खात्री कुणी दिली नसती. गायकवाड धावत कॅन्टीनमध्ये गेले आणि तिथल्या टीव्हीला लावलेली एक मोठी हार्डडिस्क काढून घेऊन आले. ती पुरेशी मोठी होती, पण भरलेली होती.

"फॉरमॅट मारतो. दोन मिनिटांचं काम."

"आत काय आहे?"

"काही नाही हो. पोरांचे व्हिडिओ. खंडेनवमी, फॅमिली डे, असलं."

"मग काही नाही कसं?"

आपांनी एक व्हिडिओ लावला. झेंडूच्या माळा घातलेलं एक भलंमोठं मशीन. त्याच्यापुढं लिंबू कापता कापता एका माणसानं स्वतःचं बोट कापून घेतलं आणि तो ते लपवायच्या नादात नारळावर बसला. पुढच्यात सुरक्षा सप्ताहाचं नाटक होतं. अपघातात मरायची भूमिका ज्याला दिली होती तो मरताना हसत होता आणि त्याला रडणारे साथीदार चिमटे काढत होते. एकात शेवाळे नावाच्या ऑपरेटरला सगळ्यांनी आग्रह करून गायला उभं केलं होतं, आणि त्याला दुसरी ओळ काही केल्या आठवत नव्हती, म्हणून तो पहिलीच पुन्हा पुन्हा, दर वेळी जास्त जोरात, म्हणत होता.

बाहेर कामगार आपापले लॉकर रिकामे करत होते. आवाज ऐकून एकेक जण दारात येऊन उभा राहिला.

"अय, हा बघ जाधव! केस होते राव तेव्हा."

"शेवाळे, तुझं गाणं लागलंय."

शेवाळे स्वतःही आला. धिप्पाड, खेडकडचा माणूस. स्वतःला गाताना बघून म्हणाला, "दुसरी ओळ अजून न्हाई आठवत मला." सगळे हसले. मग कुणीतरी म्हणालं, "ह्या खंडेनवमीला कोण कुठं असेल," आणि दारातली दोघं परत आपल्या लॉकरकडं वळली.

आपांनी आपला स्वतःचा लॅपटॉप काढला. "आधी हे इकडं घेते. मग डिस्क रिकामी करू."

"एवढी जागा आहे तुमच्याकडं?" मी विचारलं. माझा लॅपटॉप भाच्यांच्या फोटोंनी कधीच भरलेला.

"मोकळाच असतो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं ठेवायला आहे काय?"

व्हिडिओ निघायला वेळ लागला. फाटकावर ट्रेलरचा भोंगा वाजला. गायकवाडांनी घाम पुसला, पुन्हा पुसला. आपा मात्र प्रत्येक व्हिडिओ नीट आला का ते लॅपटॉपवर उघडून बघत होत्या. सगळं बघून झाल्यावरच त्यांनी डिस्क रिकामी करू दिली. मग गाठोडं लिहायला सुरुवात झाली, संपलं, बंद झालं. ते परत उघडून आपांनी आतल्या फाइली तपासल्या. ट्रेलरवाला स्वतः आत येऊन उभा होता. आपांनी वायर काढली आणि त्याला म्हणाल्या, "आता न्या."

निघताना शेवाळे गाडीपाशी आला. "म्याडम, ते आमचं येडंवाकडं शूटिंग... ते कुनाला द्यायचं झालं तर मला द्या."

"ज्याचं त्याला देणार," आपा म्हणाल्या.

मला वाटलं, एका ग्रुपवर टाकून देतील, झालं. पण कारखान्याचा ग्रुप कुणीतरी रागानं बंद केला होता, आणि माणसं तर चार दिशांना पांगलेली. कुणी रांजणगावला लागलं होतं, कुणी तळेगावला, कुणी गावी परतलं होतं. आपांनी मग जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ लावायला सुरुवात केली. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातानं व्हिडिओ थांबवायचा. "हा गॉगलवाला कोण?" असा फोन गायकवाडांना, नाहीतर शेवाळेला. नाव कळलं की नंबर, नंबर मिळाला की त्या माणसाचा तेवढा भाग कापून त्याला फोन.

पहिल्या फोनाची हकिगत सांगायला हवी. आपा म्हणाल्या, "नमस्कार. मी शमीम अत्तार बोलतेय. तुमचा एक व्हिडिओ माझ्याकडं आहे."

पलीकडून, "कसला व्हिडिओ? कोण बोलतंय? कोणी दिला नंबर? मी पोलिसात जाईन हां बाई!"

आपांनी फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडं बघितलं. खरंच त्यांना कळलं नव्हतं. अनिकेत हसून हसून टेबलाखाली गेला. त्यानंतर त्यांनी वाक्य बदललं: "खंडेनवमीला तुम्ही नाचला होता, त्याचा व्हिडिओ." तरीसुद्धा एकाच्या बायकोनं आधी सगळी चौकशी केली, कुठं नाचला होता, कुणाबरोबर नाचला होता, मगच नवऱ्याला फोन दिला.

हळूहळू फोन उलट्या बाजूनं यायला लागले. "आपा, रांजणगावला पर्मनंट झालो." "आपा, पोरगा पास झाला." नाटकात मरणारा तो माणूस आता काळेवाडीतच रिक्षा चालवत होता, त्यानं आपांना एकदा रस्त्यात ओळखलं आणि रिक्षा आडवी घालून चहा पाजला. आपा हे सगळं मला डबा खाताना सांगायच्या, जसं आपण चुलत-मावस घरांतलं सांगतो. जाधवचं नवीन घर झालं. पाटीलच्या आईचं ऑपरेशन नीट झालं. मला त्यांतलं कोण कोण ते समजायचंही नाही. मी भाजी पुढं करत "हो का" म्हणायचे.

एकदा अनिकेतनं मधेच विचारलं, "आपा, तुम्ही त्या कंपनीत कधी होतात?"

"छे रे," त्या म्हणाल्या. "एकच दिवस गेले होते." आणि डब्याचं झाकण लावायला लागल्या.

एके दिवशी शेवाळेचा फोन आला. मुलीचं लग्न, राजगुरुनगरच्या पुढं एका कार्यालयात. "आपा, तुमी यायचंच. न आलात तर मी स्वतः न्यायला येतो." आपांनी मला बरोबर घेतलं. मोशी, चाकण, सगळे कंटेनर आणि ट्रक चुकवत आम्ही स्कूटरवर गेलो. त्या दिवशी आपांच्या अंगावर मोतिया रंगाची साडी होती. मी त्यांना साडीत पहिल्यांदा बघत होते, आणि साडीखाली बूट तेच होते.

कार्यालयाच्या दारात एक बाई गुलाबपाणी शिंपडत होत्या. त्यांनी हसून विचारलं, "तुम्ही मुलीकडच्या का मुलाकडच्या?"

मी सांगणार होते की आम्ही शेवाळ्यांच्या ओळखीच्या. तेवढ्यात आपा म्हणाल्या, "कंपनीतल्या."

आत गेलो आणि मी चाटच पडले. आपा तिथल्या प्रत्येकाला ओळखत होत्या आणि त्यांना चेहऱ्यानं फारसं कुणी ओळखत नव्हतं. लिंबू कापणारा भेटला तर त्याचा हात उलटा करून बघून म्हणाल्या, "बोट बरं झालं ना?" तो बिचारा विचारात पडला, मग आवाज ओळखून ओरडला, "अरे, आपा आल्यात!" मग एकेक जण गोळा झाला. कुणाची बायको पुढं आली, कुणी मुलाला पाया पडायला लावलं. स्टेजवर गेल्यावर नवरीकडं बघून आपांच्या तोंडून निघून गेलं, "ही तर टोमॅटो!" शेवाळेची मुलगी लहानपणी कंपनीच्या फॅमिली डेला टोमॅटो बनून आली होती आणि पळताना गडगडत गेली होती. नवरी मुंडावळ्या सांभाळत इतक्या मोठ्यानं हसली की भटजींनी वर बघितलं.

जेवणं झाल्यावर जुने कामगार फोटोसाठी ओळीनं उभे राहिले. कारखाना बंद झाल्यापासून ते सगळे पहिल्यांदाच एका जागी आले होते. आपा माझ्याशेजारी, फोटोग्राफरच्या मागं उभ्या होत्या, सगळे नीट मावतायत का ते बघत.

"आपा, तिकडं काय करताय?" शेवाळे ओरडला. "या की हिकडं."

"मी कशाला? तुमचा ग्रुप आहे."

"आन् परत गोळा कुनी केला? या म्हनतो ना!"

दोघांतिघांनी सरकून मधे जागा केली. आपा जाऊन उभ्या राहिल्या. पर्स छातीशी धरली, मग खाली केली, मग पुन्हा वर घेतली. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, हसा." त्या हसल्या, पण तोवर फोटो निघून गेला होता. तो म्हणाला, अजून एक घेतो. दुसऱ्यात त्या छान आल्या आहेत.

परत काळेवाडीत पोचलो तेव्हा अजून उजेड होता. एरवी आपा मला आधी थेरगावला, डांगे चौकापाशी, सोडतात. त्या दिवशी स्कूटर त्यांच्याच दाराशी थांबली आणि त्या म्हणाल्या, "चहा घेऊन जातेस का?"

इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात कधी गेले नव्हते. त्यांनी कधी बोलावलं नव्हतं आणि मलाही कधी ते खटकलं नव्हतं. वडिलांचं आजारपण त्यांनी शेवटपर्यंत काढलं, भाऊ संसार थाटून लांब गेले, एवढं मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. घर स्वच्छ होतं, खिडकीत कुंड्या. आपांनी फळीवरून दोन कप काढले. एकाचा कान रोजच्या वापरानं झिजला होता. दुसऱ्याच्या बुडाला दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं होतं. त्यांनी ते नखानं खरवडून काढलं, कप विसळला आणि त्यातून मला चहा दिला.

मग त्या माझ्याशेजारी बसल्या आणि मोबाइलवर तो फोटो मोठा केला. शेवाळेनं तेवढ्यात पाठवूनही दिला होता.

"हा डावीकडचा जाधव," त्यांनी सुरुवात केली. "केस गेले बिचाऱ्याचे, पण बायको फार चांगली आहे. हा पाटील. आईची तब्येत आता ठीक आहे म्हणाला. हा बघ, याला तिखट चालत नाही, आज नुसता भात खाल्ला त्यानं. ही मधे मी. हा माझ्या शेजारी..."

फोटो काढला तेव्हा मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते, हे त्यांनाही माहीत होतं. चहा गार होत होता. बोट पुढच्या चेहऱ्यावर सरकलं की मी प्रत्येक नावाला म्हणत गेले, "हो का? आणि हा कोण?"